करार पाळणारा देव, करार पाळणारे घर

बोला, प्रभू येशू ख्रिस्त की जय!

मायबापहो, तुम्ही लांबून आला आहात. कुणी ट्रॅक्टरने आलं, कुणी एस.टी.ने, आणि समोर बसलेल्या या माउल्या तर पायी चालत आल्या. पायाला फोड आलेत, तरी मांडी घालून बसल्यात. तुमच्या त्या पायांना पहिलं नमन. पेटीवाल्यांना नमन, ढोलकीवाल्यांना नमन, माझ्या मागे झांजा घेऊन उभ्या असलेल्या टाळकऱ्यांना नमन. आणि ज्यांनी मला पोरवयात कीर्तन शिकवलं, चिपळ्या हातात दिल्या, त्या गुरुजींच्या आठवणीला नमन. गुरुजी म्हणायचे, "बुवा, लोकांना रडवणं सोपं असतं. घरी गेल्यावर त्यांनी काय करायचं ते सांगता आलं पाहिजे." आज तेवढंच जमलं तरी मी म्हणेन, पावलो.

आता मला एक सांगा. यात्रेला येताना तुमच्यापैकी किती जणांनी नवस बोललाय? हात वर करायला लाजू नका. "पोराला नोकरी लागली तर चालत येईन." "सुनेला मूल झालं तर मेणबत्ती लावीन." "बोअरला पाणी लागलं तर दान देईन." बोलतो ना आपण? मी पण बोललोय. त्यात पाप आहे असं मी म्हणत नाही. लेकरानं बापाजवळ हट्ट करावा तसं ते आहे. पण त्या वाक्यातला एक शब्द जरा बघा. "तर". लागली "तर" येईन. झालं "तर" देईन. मग नाही लागली तर? नाही झालं तर? मग देवा, तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी!

मायबापहो, "तर" आला की समजायचं, हा सौदा आहे. आणि देवाने माणसाशी केलाय तो सौदा नाही, करार आहे. आजच्या निरूपणाचा विषय हाच. करार.

ह्या शब्दासाठी लांब जायला नको. तुमच्या हातात जे पवित्र शास्त्र आहे, त्याच्या दोन्ही भागांचं नावच करार. एक जुना करार, एक नवा करार. आपण रोज नाव घेतो, उशाशी घेऊन झोपतो, पण विचारत नाही, हा करार कुणाचा कुणाशी? कशाबद्दल? आणि मोडला तर काय?

करार आपल्याला माहीत नाही असं नाही. आपल्या भागात कराराशिवाय पान हलत नाही. पाडवा आला की सालगडी ठेवायचा, सालाचे पैसे ठरवायचे, हा करार. ऊसतोडीला जाणाऱ्यानं मुकादमाकडून उचल घ्यायची, हा करार. आणि तिथे माणसं कशी मोजतात ठाऊक आहे ना? एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोन जीव, नाव एका हत्याराचं! करारात माणूस दिसतच नाही, कोयता दिसतो. उचल फिटली की ओळख संपली. नाही फिटली तर पुढच्या साली पुन्हा जुंपायचं. तू दिलंस तर मी देईन, तू चुकलास तर मी सुटलो. कागदाच्या कराराचा धर्मच तो.

देवाचा करार कसा झाला, आता ते ऐका. उत्पत्तीच्या पुस्तकात १५ वा अध्याय आहे. अब्राम म्हातारा झालाय. पोटी मूल नाही. देवाने सांगितलंय, तुझी संतती ताऱ्यांसारखी होईल. अब्राम विश्वास ठेवतो, पण मन आहे हो, विचारतं, "प्रभू, मला कळावं कशावरून?" देव त्याला म्हणतो, एक कालवड आण, एक शेळी आण, एक एडका आण, एक होला आण, एक पारव्याचं पिल्लू आण. अब्राम आणतो. पाखरं सोडून बाकीची जनावरं मधोमध चिरतो आणि अर्धी इकडे, अर्धी तिकडे अशी समोरासमोर मांडतो.

हे काय चाललंय? आपल्याला अंगावर काटा येतो. पण त्या काळच्या माणसाला बघताक्षणी कळत होतं. करार व्हायचा आहे! इब्री भाषेत करार "करत" नाहीत, करार "कापतात". असाच शब्द आहे तिथे. कापलेल्या जनावरांच्या मधून माणसांनी चालायचं. त्याचा अर्थ असा, की मी शब्द मोडला तर माझी गत या जनावरासारखी होवो. स्टँप पेपर नाही, साक्षीदाराची सही नाही. साक्षीला रक्त.

आता नीट ऐका, सगळी गोष्ट इथे आहे. अब्राम दिवसभर बसून राहिला. मांसावर गिधाडं उतरली, ती हाकलत राहिला. सूर्य मावळायला आला आणि अब्रामाला गाढ झोप लागली. घनदाट काळोख पडला. त्या काळोखात काय चाललं त्या तुकड्यांच्या मधून? एक धुमसती भट्टी आणि एक जळती मशाल. देव चालला! आणि अब्राम? अब्राम झोपलेला! त्याला चालायला लावलंच नाही. दोन्ही बाजूंचं वजन देवाने एकट्याने उचललं. म्हणजे काय म्हणाला देव? "मी मोडला तर मला लागो." आणि तू मोडलास तर? मायबापहो, तू मोडलास तरी मलाच लागो!

त्या रात्री जी मशाल चालली, तिची वाट पुढे कालवरीच्या टेकडीवर गेली. तिथे कालवड नाही, एडका नाही. तिथे तो स्वतः. मोडला आपण, लागलं त्याला. टाळकरी, घ्या धृपद. साधे शब्द आहेत, आमच्याच मंडळीत जुळवलेले.

देवे दिला शब्द, देवेचि पाळिला ।
मोडका हा गडी, पदरी घेतला ॥

(येथे सर्वांनी मिळून धृपद म्हटले.)

तुम्ही म्हणाल, बुवा, फार छान. देवाने सगळं केलं, मग आम्ही मोकळे. नाही बाबांनो. ज्याच्याशी देवाने असा करार केला, त्याने दुसऱ्याशी कसं वागायचं, हा खरा सवाल आहे. देवाचा करार चर्चमध्ये ऐकायचा असतो आणि घरात, शेतात, दुकानात पाळायचा असतो.

यिर्मयाच्या पुस्तकात ३४ वा अध्याय काढा. यरुशलेमेला शत्रूने वेढा दिलाय. राजा सिद्कीया आणि सगळे पुढारी घाबरले. त्यांनी देवापुढे करार केला, की आपल्याच भाऊबंदांना आपण गुलाम करून ठेवलंय, त्यांना सोडून देऊ. वासरू कापलं, मधून चालले, गुलाम सोडले. देवाला आनंद झाला. पण वेढा जरा सैल झाला, शत्रू तात्पुरता मागे हटला, आणि यांनी काय केलं? सोडलेल्या माणसांना पुन्हा पकडून आणलं! "या, कामाला लागा." देव इतका रागावला, इतका रागावला! कारण करार देवाच्या नावाने केला आणि मोडला कुणावर? घरच्या गड्यावर, मोलकरणीवर.

आपलं पण हेच नाही का? पोरगं आयसीयूमध्ये असलं की आपण काय काय बोलतो! "देवा, दारू सोडीन, भावाशी बोलीन, गड्याचे पैसे वेळेवर देईन." पोरगं घरी आलं, वेढा उठला, की आठवडाभरात जुना माणूस परत दारात उभा. म्हणून कराराची पहिली परीक्षा पक्की लक्षात ठेवा. ज्याला तुमच्यावर फिर्याद करता येत नाही, त्याला दिलेला शब्द तुम्ही पाळता का? बँकेचा हप्ता सगळेच भरतात, कारण नोटीस येते. भांडीवालीचा पगार, गड्याची सुट्टी, म्हाताऱ्या आईची औषधाची गोळी, यांची नोटीस कधी येत नाही.

दुसरी परीक्षा याहून अवघड. समोरच्यानं फसवलं तर? यहोशवाचा ९ वा अध्याय. गिबोनी लोक जवळचेच. पण इस्राएल लोकांच्या भीतीने त्यांनी सोंग केलं. झिजलेले जोडे घातले, फाटके कपडे घातले, बुरशी आलेल्या भाकरी घेतल्या आणि म्हणाले, आम्ही फार दुरून आलो, आमच्याशी करार करा. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी भाकरी तपासली, पण देवाला विचारलं नाही. शपथ वाहिली. तीन दिवसांनी कळलं, अरे, हे तर शेजारी! लोक चिडले. पुढारी काय म्हणाले? आपण परमेश्वराच्या नावाने शपथ घेतलीय, आता यांना हात लावता येणार नाही. त्यांना लाकडं फोडायला आणि पाणी भरायला ठेवलं, पण जीव राखला. आणि पुढच्याच अध्यायात गिबोन्यांवर पाच राजे चालून आले, तेव्हा यहोशवा गिल्गालाहून रात्रभर चालत त्यांना वाचवायला गेला. ज्यांनी फसवलं त्यांच्यासाठी रात्रभर चालला! का? ते भले होते म्हणून नाही. शब्द कुणाच्या नावाने दिला होता, म्हणून.

आता ह्याच उजेडात लग्नाकडे बघा. वेदीपुढे आपण काय कबूल केलं? सुखात आणि दुःखात. तिथे "तर" होता का? तिने स्वयंपाक चांगला केला तर, त्याने दागिना घेतला तर? नव्हता. आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीचं भाग्य असं, की आपल्यासमोर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाईंचं घर आहे. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. माहेर सोवळ्यातलं, नवरा बाटला म्हणून जग हसतंय. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पण दोघांपैकी एकानेही दुसऱ्याला टाकलं नाही. पुढे त्या टिळकांकडे आल्या. मन आपल्या पायाने चालत चालत पोचलं, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. "स्मृतिचित्रे" ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे, त्या घरात भांडणं काही कमी नव्हती. टिळक तापट, बाई रोखठोक. पण १९१९ साली टिळक गेले आणि त्यांचं "ख्रिस्तायन" अपुरं राहिलं, तेव्हा ते पुढे कुणी नेलं? अक्षर गिरवून गिरवून उशिरा लिहायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी! नवरा गेला, तरी त्याचं अर्धं राहिलेलं काम आपलं मानलं. करार मरणापाशी संपतो म्हणतात, इथे तो त्याच्याही पुढे गेला.

पण माझ्या लेकींनो, एक गोष्ट मी आज या व्यासपीठावरून साफ सांगून जाणार आहे. करार म्हणजे मार खात राहणं नव्हे. जो हात उचलतो, त्याने करार मोडलेलाच आहे. तुम्ही माहेरी आलात, पोलिसात गेलात, तर करार मोडणाऱ्या तुम्ही नाही. अशी लेक दारात आली की तिच्या आईबापांनी "लोक काय म्हणतील" म्हणून परत पाठवू नये. तुमचा पण तिच्याशी एक करार आहे, तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी केलेला.

घ्या धृपद, आणि मग आख्यानाला लागू.

(येथे भजन झाले.)

आख्यान दावीद राजाच्या घरचं. शौल राजा, त्याचा मुलगा योनाथान. कायद्याने गादी योनाथानाची. आणि हा दावीद कोण? मेंढपाळाचं पोर. पण योनाथानाचा जीव दाविदाच्या जिवाशी असा जडला, की त्याने आपला झगा काढून दाविदाला दिला. चिलखत दिलं, तलवार दिली, धनुष्य दिलं, कमरबंद दिला. राजपुत्राने आपलं राजपुत्रपण काढून मित्राच्या अंगावर घातलं! आणि करार केला. पुढे शौल दाविदाच्या जिवावर उठला. योनाथानाने शेतात बाण मारून खूण केली, की पळ. निघताना दोघं गळ्यात पडून रडले. त्याआधीच योनाथानाने एकच मागितलं होतं. परमेश्वर तुझे सगळे वैरी नाहीसे करील, त्या दिवशी माझ्या घराण्यावरची दया तोडू नकोस. दाविदाने शब्द दिला.

वर्षं गेली. गिलबोवाच्या डोंगरावर शौल पडला, योनाथान पडला. बातमी घरी आली. योनाथानाचा मुलगा पाच वर्षांचा. दाईने त्याला उचललं आणि धावत सुटली, कारण नवा राजा जुन्या राजाचं बीज ठेवत नसतो. घाईत पोर हातातून पडलं. दोन्ही पाय गेले. नाव मफीबोशेथ. वाढला कुठे? लो-दबारात, दुसऱ्याच्या घरी, माखीर नावाच्या माणसाच्या आश्रयाला. राजाचा नातू, आणि लपून राहतोय. त्याला लहानपणापासून एकच सांगितलं असणार, दाविदाला तुझा पत्ता लागू देऊ नको.

इकडे दावीद गादीवर स्थिर झाला. सगळं मिळालं. मागायला कुणी आलं नाही, आठवण द्यायला कुणी आलं नाही. योनाथान तर मातीत. साक्षीदार कोण? कुणी नाही. आणि एके दिवशी राजा स्वतःहून विचारतो, शौलाच्या घराण्यातलं कुणी उरलंय का, ज्याच्यावर मी योनाथानासाठी दया करीन? मायबापहो, ते वाक्य सोन्याचं. माणसं विचारतात, वैऱ्याच्या घरचं कुणी उरलंय का? म्हणजे निपटून टाकू. हा विचारतो, कुणी उरलंय का? म्हणजे ताटावर बसवू.

सीबा नावाचा जुना चाकर म्हणतो, एक आहे महाराज, पण पांगळा आहे. जणू सुचवतो, दरबारात शोभायचा नाही. राजा विचारत नाही किती पांगळा. विचारतो, कुठे आहे? माणसं गेली, त्याला आणलं. बिचारा जमिनीवर पडला, म्हणाला, माझ्यासारख्या मेलेल्या कुत्र्याकडे आपण का बघावं? दावीद म्हणाला, भिऊ नको. तुझ्या आज्याची सगळी जमीन तुला परत, आणि तू रोज माझ्या ताटावर जेवायचं. अध्याय संपताना शास्त्र पुन्हा सांगतं, तो राजाच्या मेजावर जेवत असे आणि दोन्ही पायांनी लंगडा होता. बरे झाले का पाय? नाही झाले. मेजाखाली पाय लंगडेच. पण मेजावर तो राजपुत्रांच्या ओळीत.

हे आख्यान मी पंचवीस वर्षं गावोगाव लावलं. लोक रडायचे. मी पण रडायचो. आता जे सांगतो ते तुम्हाला सांगायला जीभ जड होते, पण यात्रेला आलोय, ओझं इथेच उतरवतो.

आमची साडेतीन एकर जमीन आणि एक विहीर. वडील अंथरुणाला खिळले होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "दादा, धाकट्याची पाण्याची पाळी मोडू नको." मी त्यांच्या हातात हात देऊन म्हणालो, "नाही मोडणार, बाबा." वडील गेले. धाकट्यानं माझ्याकडून पैसे उसने नेले, ते दिले नाहीत. प्यायला लागला. एकदा चावडीवर मला चार माणसांत वाईट बोलला. माझं डोकं फिरलं. मी स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावलं. म्हणालो, "आधी पैसे दे, मग पाणी घे." बघा, आला की नाही "तर"! त्याची मोसंबीची साठ झाडं होती. दोन उन्हाळ्यांत वाळली. मी बांधावरून रोज बघत होतो. मनात म्हणायचो, करार त्यानं मोडलाय, मी नाही. पुढे तो गेला. भावजय दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायला लागली, दोन लेकरं घेऊन. कुलूप तसंच. आणि मी गावोगाव मफीबोशेथ सांगत फिरत होतो.

एका गावी कीर्तन संपलं. पाया पडायला माणसं येत होती. एक म्हातारी आली, पाया पडली नाही. हळूच म्हणाली, "बुवा, लई छान सांगितलं. तुमच्या ताटावर कोण बसतं हो?" तिला माझं काही ठाऊक नव्हतं. साधंच विचारलं तिनं. मला रात्रभर झोप नाही.

सकाळी घरी आलो, कुलूप काढलं, किल्ली घेऊन भावजयीच्या दारात गेलो. म्हणालो, "बाई, आजपासून तुझी पाळी तुझी. मी चुकलो." ती चुलीपाशी होती. वर न बघता म्हणाली, "भाऊजी, पाणी द्यायला आलात. झाडं कुठं आहेत आता?"

मायबापहो, त्या प्रश्नाला माझ्यापाशी आजही उत्तर नाही. मोडलेला करार पुन्हा पाळायला लागलं, म्हणून मधली वर्षं परत येत नाहीत. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण आपण म्हणतो, बघू, करू, अजून वेळ आहे. झाडं वाट बघत नाहीत.

पुढे काय झालं? पाणी सुरू झालं. पुतण्यानं नवी रोपं लावली, खड्डे मी खणले. नाताळला जेवायला बोलावलं. पहिल्या वर्षी लेकरं आली, ती आली नाही. दुसऱ्या वर्षी पण नाही. तिसऱ्या वर्षी आली, जेवली, फार बोलली नाही. मी पण बोलायला लावलं नाही. माफी मागणं माझ्याकडे, द्यायची कधी ते तिच्याकडे.

आणि दाविदाचं तरी काय सगळं सरळ गेलं? ऐका, पुढचा भाग कीर्तनात सहसा कुणी लावत नाही. अबशालोमाच्या बंडात दावीद पळत असताना सीबानं येऊन चुगली केली, की मफीबोशेथ तुमच्यावर उलटला. दाविदाने चौकशी न करता सगळी जमीन सीबाला देऊन टाकली. परत आल्यावर मफीबोशेथ समोर आला. राजा गेल्यापासून त्याने पाय धुतले नव्हते, दाढी केली नव्हती, कपडे धुतले नव्हते. म्हणाला, सीबाने मला फसवलं. दावीद थकलेला, म्हणाला, जमीन दोघं वाटून घ्या. अर्धा न्याय! पण तो पांगळा काय म्हणाला? सगळी त्यालाच घेऊ द्या, माझा राजा सुखरूप घरी आला, मला पुष्कळ झालं. त्या दिवशी करार राजानं अर्धा पाळला आणि पांगळ्यानं पुरा. पुढे एकदा शौलाच्या वंशातल्या माणसांचा जीव मागायची वेळ आली, तेव्हा दाविदाने योनाथानाशी केलेल्या शपथेसाठी मफीबोशेथाला राखलं. अडखळला, चुकला, पण पुन्हा कराराकडे वळला. आपल्यासारख्यांना यात मोठा धीर आहे.

आता शेवट. उद्या सकाळी मिस्सा आहे. प्याला उचलला जाईल. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने प्याला हातात घेऊन जे सांगितलं, त्यात हाच शब्द आहे. नवा करार, त्याच्या रक्तातला. त्या मेजावर कोण कोण होतं बघा. तीनदा नाकारणारा पेत्र होता. पळून जाणारे बाकीचे होते. विकणारा यहूदा पण होता. पाय सगळ्यांचेच लंगडे. तरी त्याने आधी पाय धुतले, मग ताट वाढलं. आपण उद्या त्याच मेजापाशी जाणार. आपणच मफीबोशेथ, बाबांनो. राजाने पत्ता काढून आपल्याला लो-दबाराहून आणलंय.

म्हणून जाण्याआधी चार कामं सांगतो, फार नाहीत. एक, आज रात्री झोपण्याआधी मनात विचारा, मी दिलेला कोणता शब्द अर्धा राहिलाय? एकच आठवा, पण खरा आठवा. दोन, यात्रेहून गेल्यावर आठ दिवसांच्या आत त्या माणसाच्या दारात जा. फोन करू नका, पायाने जा. इथवर चालत आलात, तिथवरही चाला. तीन, ज्याची नोटीस येत नाही त्याचं देणं आधी द्या. चार, नवस बोलताना "तर" काढून बघा. "देवा, पोराला नोकरी लागो न लागो, मी तुझा." बोलून बघा. पहिल्यांदा जीभ अडेल. अडू द्या. करार जिभेवर बसायला वेळ लागतो.

चला, हात जोडा.

हे प्रभू, अब्राम झोपला होता तेव्हा तू चाललास. आम्ही झोपलेलो असताना तू आमच्यासाठी चाललास. आमच्या घरातली कुलपं तुला ठाऊक आहेत, किल्ल्या कुणाच्या खिशात आहेत तेही ठाऊक आहे. ज्यांची झाडं आमच्यामुळे वाळली, त्यांना तू सावली दे. आणि आमच्या ताटावर रिकामी राहिलेली जागा आम्हाला दिसू दे. आमेन.

टाळकरी, शेवटचं धृपद. सगळ्यांनी म्हणा.

देवे दिला शब्द, देवेचि पाळिला ।
मोडका हा गडी, पदरी घेतला ॥

बोला, प्रभू येशू ख्रिस्त की जय!